व्हीएफएक्स आणि पोस्ट-प्रॉडक्शन शिकायचंय : सुरुवात कुठून करू?

अर्धाफ्रेम
नमस्कार मंडळी,
एडिटिंग थोडंफार जमतं. कट मारणं, ठेक्यावर शॉट बसवणं, आवाज बरोबर लावणं वगैरे. आता त्याच्या पुढचं शिकायचंय. हिरव्या पडद्यासमोरचा माणूस दुसरीकडे नेऊन उभा करणं, फ्रेममधली नको ती वस्तू काढणं, जमलं तर थोडं थ्रीडी. ट्युटोरियल बघून डोळे दुखायला लागलेत. बघताना सगळं समजतं, पण स्वतःचा शॉट उघडला की हात थांबतो, कारण ट्युटोरियलवाल्याचा शॉट आधीच सोपा असतो.

तीन प्रश्न आहेत. आफ्टर इफेक्ट्स, फ्यूजन, न्यूक, ब्लेंडर यांतलं नेमकं काय धरू? थ्रीडी आलंच पाहिजे का? आणि एआय आल्यावर रोटो (हाताने कड आखून माणूस किंवा वस्तू वेगळी काढणं) शिकण्यात काही राम उरलाय का?

शिवाय एक चालू दुखणं. हिरवं कापड लावून मोबाइलवर मित्राचा चार सेकंदांचा शॉट घेतलाय. मागे डोंगरांचा फोटो टाकला. केसांभोवती हिरवट रेघ येते. ती घालवायला जावं तर केसच जातात. आणि कसंही कापलं तरी तो तिथे उभा आहे असं वाटतच नाही, चिकटवलेला दिसतो. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

खिडकीपाशी
मीही याच शोधात. वाचनखूण साठवली आहे. पुढच्या प्रतिसादांच्या प्रतीक्षेत.

नोडमास्तर
सॉफ्टवेअरचा प्रश्न आधी उरकतो, कारण त्यावरच असे धागे शंभरी गाठतात आणि हाती काही लागत नाही.

थर एकावर एक रचून काम करायचं असेल, अक्षरं हलवायची असतील, छोट्या जाहिराती करायच्या असतील तर आफ्टर इफेक्ट्स. चित्रपटाच्या कॉम्पमध्ये (वेगवेगळी चित्रं जोडून एक शॉट करण्याच्या कामात) शिरायचं असेल तर नोड पद्धत (प्रत्येक क्रियेची एक चौकट, चौकटी रेघांनी जोडायच्या) शिकावीच लागेल आणि मोठ्या स्टुडिओंत त्यासाठी न्यूक चालतं. न्यूकची बिनव्यावसायिक आवृत्ती फुकट मिळते. तिच्यातून १९२०×१०८० पर्यंतच रेंडर निघतो आणि त्यावर पैसे कमवायचे नाहीत, पण शिकायला तेवढं पुष्कळ झालं. तेही नको असेल तर डाविंची रिझॉल्व्हच्या फुकट आवृत्तीत फ्यूजनचं पान असतंच. एडिट, रंग, आवाज आणि कॉम्प एकाच छपराखाली. तुम्ही एडिटिंगकडून येताय, त्यामुळे मी तुम्हाला हेच सांगेन. ब्लेंडर तर पूर्ण मुक्त आहे, २००२ पासून त्याचा कोडच खुला आहे. थ्रीडी, ट्रॅकिंग (कॅमेऱ्याची हालचाल शोधून काढणं) आणि कामचलाऊ कॉम्प त्यात होतं.

आता खरी गोष्ट. यांतलं काहीही घेतलं तरी आत गणित एकच आहे. एकावर एक चित्र ठेवण्याची जी 'ओव्हर' क्रिया आहे ती पोर्टर आणि डफ यांनी १९८४ च्या निबंधात मांडली आणि आजही प्रत्येक सॉफ्टवेअर तीच करतं. अल्फाने गुणलेलं वरचं चित्र, अधिक खालचं चित्र गुणिले एक वजा अल्फा (अल्फा म्हणजे वरचं चित्र त्या पिक्सेलला किती अपारदर्शक आहे तो ० ते १ मधला आकडा). इतकंच. कागदावर दोन पिक्सेल घेऊन हे एकदा हाताने करून बघा. मग 'प्रीमल्टिप्लाय' म्हणजे काय ते कुणाला विचारावं लागणार नाही, आणि कडेला येणाऱ्या काळ्या रेघांपैकी निम्म्या तिथेच सुटतील. अल्फाने आधीच गुणलेल्या चित्राला पुन्हा गुणलं की कड काळवंडते. गुणलेल्या चित्रावर तसाच रंग सुधारला की कड उजळून वेगळी पडते. म्हणून आधी भागायचं, मग रंग, मग परत गुणायचं.

थ्रीडी : मॉडेलिंग नाही आलं तरी चालेल. कॅमेरा म्हणजे काय ते मात्र कळलंच पाहिजे. फोकल लेंग्थ, सेन्सरचा आकार, लेन्सची वाकण, पॅरॅलॅक्स (कॅमेरा सरकला की जवळचं जास्त आणि लांबचं कमी सरकतं ते).

रेशीमकड
रोटोबद्दल मी लिहिते, माझी सुरुवात तिथूनच झाली.

नवीन माणूस काय करतो, तर माणसाभोवती एकच मोठा आकार काढतो, त्यावर साठ-सत्तर बिंदू टाकतो आणि मग दर फ्रेमला बिंदू ढकलत बसतो. कड उकळल्यासारखी हलते आणि माणूस वैतागून रोटोच्या नावाने बोटं मोडतो. शरीर तोडून बघा. डोकं वेगळं, मान वेगळी, दंड वेगळा, कोपरापासून मनगटापर्यंत वेगळा, पंजा वेगळा. कळसूत्री बाहुली जिथे जिथे वळते तिथे तिथे आकार बदलायचा. प्रत्येक आकाराला शक्य तेवढे कमी बिंदू, आणि एक बिंदू एकदा कोपराच्या टोकावर ठेवला की शेवटपर्यंत तो कोपराच्या टोकावरच राहिला पाहिजे. वाटेत तो घसरला तर मधल्या फ्रेम कधीच जुळत नाहीत.

की-फ्रेम (जिथे आकार आपण हाताने बसवतो त्या फ्रेम) कुठे टाकायच्या? ओळीने पुढे सरकायचं नाही. आधी पूर्ण शॉट चार-पाच वेळा नुसता बघायचा. हात जिथे दिशा बदलतो, जिथे थबकतो, तिथे की. मग दोन कींच्या बरोबर मध्ये जाऊन बघायचं, चुकलं असेल तरच नवीन की. चार सेकंदांचा शॉट म्हणजे २४ च्या हिशेबाने ९६ फ्रेम. त्यातल्या वीस-पंचवीसवर हात लावून काम भागलं तर ते चांगलं रोटो. आणि आकार काढताना हलणाऱ्या हाताच्या धूसर पट्ट्याच्या बाहेरच्या कडेने जायचं नाही, मधून जायचं. धूसरपणा मोशन ब्लर चालू करून सॉफ्टवेअरकडून घ्यायचा.

कंटाळवाणं आहे हे खरंच. पण हलणारी वस्तू कशी हलते हे रोटोइतकं दुसरं काही शिकवत नाही.

तिरकीनजर
ताई, आदर राखून असहमत. हे सगळं आता एका क्लिकवर होतं. माणसावर एक रेघ ओढा, मॅट (माणूस पांढरा, बाकी काळं असं कापायचं चित्र) तयार. ज्या कामाला दोन वर्षांत कुणी विचारणार नाही ते नवशिक्याला कशाला शिकवायचं?

रेशीमकड
एका क्लिकवर होतं, मान्य. मीही वापरते. गार्बेज मॅट (नको तो भाग उडवणारा ढोबळ मॅट) काढायला, रंग सुधारताना चेहरा वेगळा करायला, दिग्दर्शकाला कच्चं काही दाखवायला ते उत्तम आहे. पण तो मॅट काळ्या-पांढऱ्यात लावून चालवून बघा. बोटं एकमेकांना चिकटतात, केसांची कड दर फ्रेमला वेगळं काहीतरी ठरवते, हात शरीरावरून जाताना मॅट क्षणभर विरघळतो. थांबवलेल्या फ्रेममध्ये यातलं काहीच दिसत नाही. चालू चित्रात, त्यातही मोठ्या पडद्यावर, डोळा नेमका तिथेच जातो. मग ती कड दुरुस्त करायला कोण बसतं? ज्याला हाताने येतं तोच.

तिरकीनजर
ठीक, कडेपुरतं मान्य. 'आधी सहा महिने फक्त रोटो' हा सल्ला मात्र मला अजूनही छळच वाटतो.

रेशीमकड
सहा महिने मी कुठे म्हटलं? :) एक शॉट नीट करा म्हटलं.

खारीचावाटा
अर्धाफ्रेम, तुमच्या शॉटकडे येतो. यात दोन वेगळे प्रश्न आहेत : रेघ आणि चिकटवलेपण. एकाच स्लायडरने दोन्ही सोडवायला जाता म्हणून केस जातात.

आधी रेघ. मोबाइलचा व्हिडिओ बहुधा ४:२:० असतो. म्हणजे उजेडाची माहिती प्रत्येक पिक्सेलला, पण रंगाची माहिती दोन बाय दोनच्या चौकोनाला मिळून एकच. तुमच्या १९२०×१०८० च्या फ्रेममध्ये रंगाचं चित्र प्रत्यक्षात ९६०×५४० चं आहे. कीइंग (पडद्याचा रंग ओळखून तो पारदर्शक करणं) चालतं रंगावर, आणि केस आहे जेमतेम एका पिक्सेलचा. त्यामुळे केसाच्या शेजारी कापडाचा हिरवा आधीच मिसळलेला आहे. सॉफ्टवेअरला दोष देण्यात अर्थ नाही. पुढच्या वेळी ४के मध्ये घ्या आणि कीच्या आधी १०८० वर आणा, रंगाचे नमुने पिक्सेलला पिक्सेल पुरतात. कॅमेऱ्यात ४:२:२ १०-बिट मिळत असेल तर प्रश्नच नाही.

(अवांतर : हिरवाच का, असं कुणीतरी विचारणारच. बहुतेक सेन्सरवर निम्मे फोटोसाइट (उजेड टिपणारे ठिपके) हिरवे असतात, आणि एचडीच्या रेक. ७०९ या रंगमानकात उजेड मोजताना हिरव्याचा वाटा ०.७१५२ धरतात, निळ्याचा ०.०७२२. त्यामुळे हिरवा चॅनेल सर्वांत स्वच्छ येतो आणि निळ्यात दाणेदारपणा जास्त. पात्राने हिरवा शर्ट घातला असेल तर मात्र निळा पडदा लावण्यावाचून गत्यंतर नाही.)

आता हाताशी आहे त्या शॉटचं काय? एका कीमध्ये सगळं बसवू नका. एक कडक मॅट काढा, तो शरीराच्या आत आत ठेवा, म्हणजे छातीला-पोटाला भोकं पडणार नाहीत. दुसरा मऊ मॅट फक्त केसांच्या कडेसाठी, त्यात करडा रंग राहू द्या. बाहेरच्या कापडाच्या सुरकुत्या, स्टँड वगैरे ढोबळ गार्बेज मॅटने उडवा. मग तिन्ही जोडा. केस जात होते ते या करड्याला पिळून काळं-पांढरं केल्यामुळे.

आणि डिस्पिल (कडेवर सांडलेला हिरवा काढणं) हे कीपेक्षा वेगळं काम आहे, ते वेगळ्या शाखेवर करा. साधा नियम : हिरवा हा लाल आणि निळ्याच्या सरासरीहून जास्त असेल तर तो सरासरीवर आणायचा. तुमच्या केसाच्या कडेचा एक पिक्सेल समजा लाल ०.४२, हिरवा ०.५५, निळा ०.३० असा आहे. सरासरी ०.३६. हिरवा ०.५५ वरून ०.३६ वर आला, रेघ तपकिरी झाली. पण कड काळपटही झाली, कारण ०.१९ इतका उजेड आपण काढून टाकला. तो फेकायचा नाही. काढलेल्या उजेडाला मागच्या डोंगरांच्या, अगदी धूसर केलेल्या रंगाने गुणायचं आणि कडेवर परत मिळवायचं. केसांतून आता कापडाऐवजी डोंगरामागचं आकाश झिरपायला लागतं.

एक सावधगिरी. हा नियम पिवळ्याला मारतो. पिवळ्या शर्टाचा पिक्सेल ०.८, ०.७, ०.१ असेल तर सरासरी ०.४५ आणि शर्ट थेट नारिंगी. तिथे मास्क लावा किंवा सरासरीऐवजी लालची मर्यादा वापरा.

चिकटवलेपणाचं उद्या लिहितो, आत्ता रेंडर बघायला जायचंय.

अर्धाफ्रेम
खारीचावाटा, दंडवत स्वीकारा! पिक्सेलचं उदाहरण घेऊन बसलो आणि पहिल्यांदा कळलं की ते बटण आत काय करतं. दोन मॅट केल्यावर केस टिकले. शर्ट पिवळा नाही, नशीब. पुढच्या भागाची वाट बघतोय.

खारीचावाटा
हं, तर चिकटवलेपण.

पहिलं बघायचं काळं. डोंगर लांब असतात, मधे हवा असते, म्हणून त्यांच्यातला सर्वांत काळा भागसुद्धा काळा नसतो, निळसर राखाडी असतो. तुमचा मित्र कॅमेऱ्याजवळ आहे, त्याचं काळं खोल असणं बरोबर आहे. पण तो ज्या जमिनीवर उभा आहे तिथल्या दगडांच्या सावल्यांशी ते जुळलं पाहिजे. व्ह्यूअरचा गॅमा भरपूर वर करा, चित्र फिकट दिसेल आणि न जुळलेलं काळं लगेच उघडं पडेल. लाल, हिरवा, निळा चॅनेल एकेक करून बघा. पांढऱ्यासाठी एक्स्पोजर खाली आणून तेच.

दुसरं, उजेडाची दिशा. तोंडावर डावीकडून ऊन आणि डोंगरावर उजवीकडून, असं असेल तर कुठलंही ग्रेडिंग (रंग सुधारणं) वाचवणार नाही. फोटो आडवा उलटवा, सुटलं तर सुटलं. नाहीतर दुसरा फोटो.

तिसरं, क्षितिज, आणि हे फार कमी लोक तपासतात. सपाट जमिनीवर कॅमेरा ज्या उंचीवर असतो, त्याच उंचीवर क्षितिजरेषा समोरच्या उभ्या माणसाला छेदते. कॅमेरा छातीच्या उंचीवर धरला होता ना? मग क्षितिज त्याच्या छातीतून गेलं पाहिजे. फोटो टेकडीवरून काढलेला असेल आणि क्षितिज त्याच्या डोक्यावर गेलं तर बघणाऱ्याला कारण सांगता येणार नाही, पण खोटं आहे हे त्याला कळेल.

चौथं, तीक्ष्णपणा आणि ग्रेन (चित्रातले बारीक, दर फ्रेमला बदलणारे दाणे). मोबाइल कडा स्वतःहून धारदार करतो. फोटो तर स्थिरच, त्यात ग्रेन हलत नाही. पुढे माणूस जिवंत चित्रात आणि मागे गोठलेला फोटो, असं दिसतं. फोटो किंचित डिफोकस करा आणि त्यावर हलता ग्रेन घाला, चॅनेलवार वेगळा, निळ्यात जास्त. हे सगळ्यात शेवटी, सगळं जोडून झाल्यावर.

कॅमेरा हातात धरला असेल तर मागचं चित्रही तसंच हललं पाहिजे, म्हणजे ट्रॅक करावा लागेल. तो विषय मोठा आहे.

नोडमास्तर
ट्रॅकिंगपुरती भर. कॅमेरा एकाच जागी फिरला, म्हणजे नुसता पॅन केला, तर पॅरॅलॅक्स मिळत नाही आणि सॉफ्टवेअरला खोली काढता येत नाही. तिथे थ्रीडी ट्रॅकचा हट्ट धरू नका, टूडी पुरेल. डोंगर लांब असल्याने तुमच्या शॉटला टूडीच पुरेल असं दिसतंय. खोली हवी असेल तर कॅमेऱ्याने जागा सोडली पाहिजे. आणि हिरव्या कापडावर खुणेच्या पट्ट्या लावाल तेव्हा त्या केसांच्या मागे येणार नाहीत असं बघा, नाहीतर त्या पुसायला रेशीमकड ताईंना बोलवावं लागेल.

रंगशाळा
सगळं छान चाललंय, पण रेखीय प्रकाशाबद्दल (आकडा दुप्पट तर उजेडही दुप्पट) कुणीच बोललं नाही म्हणून मधे पडते.

तुमच्या फाइलमधला ०.५ म्हणजे अर्धा उजेड नव्हे. एसआरजीबीतला (पडद्यांच्या नेहमीच्या रंगपद्धतीतला) ०.५ रेखीय केला की साधारण ०.२१४ होतो. ब्लर, डिफोकस, मोशन ब्लर, दोन चित्रं मिसळणं ही सगळी कामं खऱ्या उजेडाची आहेत. ती गॅमा लागलेल्या आकड्यांवर केली की रात्रीच्या शॉटमधले दिवे डिफोकस करताना करडे, मेलेले ठिपके होतात. रेखीय करून केलं की तेच दिवे गोल आणि झगझगीत राहतात. पण दिव्याचा आकडा १ च्या वर साठवला गेला असेल तरच. ८-बिट फाइल १ ला छाटून टाकते. म्हणून कॉम्पच्या कामात ओपनईएक्सआर असते, १६-बिट फ्लोट. हा प्रकार आयएलएमने (इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक या व्हीएफएक्स स्टुडिओने) बनवला आणि २००३ मध्ये सगळ्यांना खुला केला.

म्हणजे क्रम असा : प्लेट (कॅमेऱ्यातून आलेला मूळ शॉट) कुठल्या रंगजागेत आहे ते ओळखा (लॉग, रेक. ७०९, काय असेल ते), रेखीय करा, काम करा, बघताना व्ह्यूअरवर डिस्प्लेचं रूपांतर लावा. देताना ज्या रंगजागेत मिळालं त्यातच परत द्या. कॉम्पमध्ये 'सुंदर' ग्रेड भाजून द्यायचा मोह टाळा. ग्रेडिंगवाल्याला पुढे-मागे सरकायला जागा उरत नाही आणि शिव्या मात्र तुम्हाला बसतात.

तिरकीनजर
मोबाइलवर चार सेकंद शूट करणाऱ्या माणसाला ओपनईएक्सआर? धाग्याचं विद्यापीठ झालं.

रंगशाळा
हसून घ्या. प्रकल्पाच्या सेटिंगमधली एक-दोन नावं बदलायची आहेत, फुकट आहे.

जुनीकात्री
मी एडिटिंगच्या बाजूचा, तर या दोन्ही खात्यांमधल्या फटीबद्दल सांगतो. शिकताना ती दिसत नाही, कामावर पहिल्याच दिवशी दिसते.

एडिट लॉक व्हायच्या (म्हणजे कट पक्के व्हायच्या) आधी कॉम्प सुरू करू नये, पण दर वेळी तेच होतं. म्हणून शॉट देताना दोन्ही टोकांना जादा फ्रेम द्यायच्या, साधारण आठ-आठ. एडिटरने कट चार फ्रेमने सरकवला तरी नव्याने काम पडत नाही. शॉटना नंबर दहा-दहाच्या अंतराने, ०१०, ०२०, ०३०, म्हणजे मधे नवा शॉट घुसला तर ०१५ होतो. पहिली फ्रेम पुष्कळ ठिकाणी १००१ धरतात, कारण पुढे जादा फ्रेम लागल्या तर ऋण आकड्यात जावं लागत नाही. फाइलच्या नावात आवृत्ती : व्ही००१, व्ही००२. 'फायनल_फायनल_खरंच_फायनल' लिहिणाऱ्याला मी कामावर ठेवत नाही.

आणि रेंडर कधीही थेट व्हिडिओ फाइलमध्ये काढू नका. इमेज सीक्वेन्स काढा. थ्रीडीची एक फ्रेम दहा मिनिटं घेत असेल तर ९६ फ्रेमना सोळा तास लागतात. नव्वदाव्या फ्रेमला वीज गेली तर सीक्वेन्समध्ये उरलेल्याच फ्रेम काढाव्या लागतात. व्हिडिओ फाइल अर्धवट राहिली तर ती बहुधा उघडतसुद्धा नाही.

खिडकीपाशी
एक बावळट प्रश्न. कोर्स करावा की आपलं आपण? आणि सरावाला चांगलं फुटेज कुठून आणायचं? मोबाइलच्या शॉटवर मर्यादा येतात हे वर कळलंच.

नोडमास्तर
फुटेजचं सोपं आहे. ब्लेंडर फाउंडेशनचा 'टीअर्स ऑफ स्टील' हा २०१२ चा लघुपट मुळात व्हीएफएक्सची साधनं घडवायलाच केला होता आणि त्याचं कॅमेऱ्याचं फुटेज मुक्त परवान्याखाली ठेवलेलं आहे. हिरव्या पडद्याचे, कॅमेरा हलणारे, खरे शॉट. कुठलाही ट्युटोरियलवाला इतका त्रास देणार नाही.

कोर्सबद्दल : कोर्स तुम्हाला कुणीतरी टीका करणारा माणूस मिळवून देत असेल तरच पैसे भरा. बटणं तर हेल्प फाइलमध्येही आहेत. प्रवेशाआधी मुलांचे शॉट मागा, संस्थेची जाहिरात नव्हे. पाच जणांच्या रीलमध्ये (काम मागताना दाखवायच्या नमुन्याच्या व्हिडिओत) एकच स्फोट आणि एकच रोबो दिसला तर दिलेली फाइल भरून घेतली आहे असं समजा.

रेशीमकड
रीलबद्दल जाता जाता. मिनिट-दीड मिनिट बास. सर्वांत चांगला शॉट पहिला, कारण दुसरा बघितला जाईलच याची खात्री नसते. मूळ प्लेट दाखवा, टप्पे दाखवा, आणि त्यात तुम्ही काय केलं ते स्पष्ट लिहा. 'रोटो आणि क्लीनअप' असं लिहायला लाजू नका. स्वच्छ पुसलेली तार आणि तिच्या मागची नीट हलणारी भिंत बघून आम्ही लगेच फोन करतो. ड्रॅगन बघून आम्ही आधी ड्रॅगनच्या पायाखाली सावली आहे का ते शोधतो.

अर्धाफ्रेम
क्षितिजाचं बघितलं. फोटोत ते मित्राच्या कपाळावर होतं! खाली आणलं, काळं जुळवलं, ग्रेन घातला. अजून परिपूर्ण नाही, पण घरच्यांना दाखवल्यावर "हे कुठे गेला होतात?" असं विचारलं गेलं. पाय फ्रेममध्ये नाहीत म्हणून सावलीतून सुटलो, ताई.

आता नवीनच भानगड. त्याच मोबाइलवर एक लांब मुलाखत घेतली, आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर. सुरुवातीला ओठ जुळतात आणि शेवटाकडे आवाज सरकतो. याला नवीन धागा काढू का?

जुनीकात्री
नको, इथेच विचारा. मोबाइल बहुधा बदलत्या फ्रेमदराने रेकॉर्ड करतो. ३० लिहिलेलं असतं, प्रत्यक्षात उजेड कमी झाला की दर खाली-वर होतो. टाइमलाइन स्थिर दर धरून चालते, म्हणून सरकतं. एडिटमध्ये घेण्याआधी फाइल स्थिर फ्रेमदरात रूपांतरित करा, हँडब्रेकमध्ये त्याचा सरळ पर्याय आहे. रेकॉर्डर ४८ किलोहर्ट्झवर होता ना तेही बघा. एवढं करूनही घसरत असेल, तर प्रकल्प २४ चा आणि फुटेज २३.९७६ चं असं काही झालंय का तपासा, कारण त्या दोघांत तासाला ३.६ सेकंदांचा फरक पडतो. तुमची मुलाखत किती लांब आहे आणि शेवटी आवाज किती सरकतो ते लिहा, त्यावरून कुठलं कारण ते लगेच सांगता येईल.